रुतलेली गाडी आणि ओढण्याचा आकडा

मृगाचा पाऊस जमिनीत चांगला जिरला, की काळ्या रानांतील पाणंद रस्ते वाहनांना जवळजवळ बंद होतात. पूर्वी ह्या रस्त्यांनी बैलगाडी जात असे. आज बियाणे, खताची पोती, फवारणीचे पंप आणि प्रसंगी आजारी माणूसदेखील जीप जातीच्या गाडीतून न्यावा लागतो. गाडी रुतली, की शेजारच्या शेतातील ट्रॅक्टर बोलावला जातो. हाती लागेल तो दोर किंवा साखळी गाडीखाली सापडेल त्या कडीला अडकवून ट्रॅक्टरला हिसका देण्यात येतो. बहुतेक वेळा गाडी निघते. निघाली नाही तर कडी, आकडा किंवा साखळी ह्यांपैकी जे दुबळे असेल ते तुटते आणि गोफणीतून सुटलेल्या धोंड्याप्रमाणे मागे किंवा पुढे फेकले जाते. अशा तुटक्या लोखंडाने देशोदेशी माणसे मेलेली आहेत. म्हणून गाडीला ओढण्याचा आकडा कोठे व कसा असावा, हे गाडी बाळगणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने समजून घेणे अगत्याचे आहे.

काळ्या जमिनीतील चिकणमातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. ते पाणी शोषून फुगते. ही माती टायरच्या नक्षीत भरली, की टायर गुळगुळीत होतो व जागच्या जागी फिरून स्वतःसाठी खड्डा खणतो. मग गाडीचे पोट चिखलावर टेकते आणि चिखल तिला खालून धरून ठेवतो. सैन्यात रुतलेली वाहने काढण्यासाठी एक ठोकताळा वापरतात. चाक तुंब्यापर्यंत रुतले असेल, तर गाडीच्या भरल्या वजनाइतका जोर लागतो. मडगार्डपर्यंत रुतले असेल तर दुप्पट, आणि चिखल बसण्याच्या जागेपर्यंत चढला असेल तर तिप्पट. म्हणजे माणसे व माल धरून अडीच टन भरणारी गाडी मडगार्डपर्यंत रुतली, की पाच टनांचा जोर हवा. ह्यावरून फावड्याचे महत्त्व ध्यानात येईल. चाकांपुढील चिखल उपसून, पोटाखालची माती मोकळी करून, चाकांखाली पऱ्हाट्या, तुराट्या किंवा उसाचे पाचट दाबले आणि गाडीतील माल उतरविला, तर हाच जोर पुष्कळच उतरतो. घाईच्या माणसाला ही अर्ध्या तासाची मेहनत नकोशी वाटते. परंतु आकड्याचे आयुष्य आणि कधी कधी माणसाचेही त्या अर्ध्या तासावर अवलंबून असते.

आता प्रश्न येतो तो दोर कोठे बांधावा हा. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपच्या मागील बाजूस ओढण्याचा आकडा बसविलेला असे आणि तो थेट चासीच्या आडव्या पोलादी पट्टीला जखडलेला असे. त्यातील तत्त्व आजही तेच आहे. आकडा कितीही जाड असो, तो ज्याला जोडला आहे त्यापेक्षा अधिक बळकट ठरत नाही. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार ह्या गाड्यांना लांब पोलादी तुळयांची स्वतंत्र चासी असते. आकड्याची जागा त्या तुळयांच्या टोकांशी होय. क्रेटासारख्या गाड्यांत मात्र स्वतंत्र चासी नसते. पत्र्याचा सांगाडा हाच गाडीचा कणा असतो. अशा गाडीच्या हत्यारांत आट्यांची एक कडी मिळते. बंपरवरील छोटे झाकण काढून ती पूर्ण आवळावयाची असते. पक्क्या रस्त्यावर बंद पडलेली गाडी हळूहळू सरळ रेषेत ओढण्यापुरती ती आहे. चिखलातून हिसक्याने ओढण्यासाठी नव्हे. अशा गाडीला वाटेल तेथे भोके पाडून आकडा बसवू नये. ती पाणंद रस्त्यावर पावसाळ्यात न नेणे हाच शहाणपणा.

गाडीखाली वाकून पाहिले असता पातळ पट्टीच्या किंवा सळईच्या कड्याही दिसतात. कारखान्यातून गाडी मालमोटारीवर चढवून नेताना तिला बांधून ठेवण्यासाठी त्या केलेल्या असतात. फसवणूक नेमकी येथे होते. कडी दिसली की दोर बांधण्याचा मोह होतो. त्याचप्रमाणे ट्रेलर जोडण्याचा मागील गोळा, बंपर, स्टिअरिंगचे दांडे, ॲक्सल व पाटे ह्यांपैकी कशालाही दोर लावू नये. गोळा तुटून उडाल्याने प्राणहानी झालेली आहे.

स्वतंत्र चासीच्या गाडीला आकडा बसवावयाचा तर तो शक्य तोवर गाडीच्या कंपनीने त्या गाडीसाठीच केलेला घ्यावा. पुढे दोन व मागे दोन असे बसविल्यास उत्तम. चासीला पूर्वीच असलेल्या भोकांचा उपयोग करावा. नवीन भोक, विशेषतः तुळईच्या वरच्या वा खालच्या काठावर, पाडू नये. प्रत्येक आकड्याला किमान दोन बोल्ट असावेत आणि चासीच्या आतील बाजूस जाड पट्टी द्यावी, म्हणजे पत्रा फाटत नाही. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला असतो, तो पाहूनच घ्यावा. ८.८ म्हणजे तो बोल्ट दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताण सोसून तुटतो आणि त्याच्या ऐंशी टक्के ताणावर कायमचा ताणला जातो. डोके कोरे असलेला बाजारी बोल्ट ह्या कामी निरुपयोगी आहे. गावातील वेल्डरकडून बांधकामाची सळई वाकवून चासीला चिकटविलेला आकडा तर सर्वांत वाईट. वेल्डिंगच्या उष्णतेने चासीच्या पोलादाचे बळ बदलते व तडा तेथूनच जातो. तसेच आकडा बंपरच्या पुढे येऊ देऊ नये. पादचाऱ्यांना इजा होते म्हणून पुढे बसविण्यात येणाऱ्या लोखंडी जाळ्यांविरुद्ध कारवाई करण्यास केंद्र शासनाने डिसेंबर २०१७ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या आधारे राज्यांना कळविले होते, हे विसरू नये.

आकड्यात दोराची गाठ मारण्याऐवजी शॅकल वापरावे. चांगल्या शॅकलवर कामाचा भार कोरलेला असतो. पाऊण इंची शॅकलवर सामान्यतः ४.७५ टन असे आढळते. दोन आकड्यांवर मिळून दोर लावल्यास भार विभागला जातो. मात्र दोराच्या दोन पायांतील कोन लहान ठेवावा. तो १२० अंश झाला, तर प्रत्येक पायावर पूर्ण भार येतो आणि दोन आकड्यांचा काही लाभ उरत नाही.

हिसक्याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. दोन टनांचा ट्रॅक्टर ताशी १० किलोमीटर वेगाने निघाला आणि न ताणणाऱ्या साखळीने त्याला १० सेंटिमीटरांत थांबविले, तर साखळीवर सरासरी आठ टनांच्या आसपास भार येतो. क्षणभर त्याहूनही अधिक. तोच ट्रॅक्टर एक मीटर ताणणाऱ्या नायलॉनच्या पट्ट्याने थांबला, तर सरासरी भार एक टनाच्याही आत राहतो. म्हणून साखळी, वायररोप व न ताणणारा पट्टा हे ताठ करून सावकाशच ओढावेत. हिसका द्यावयाचा असेल तर तो त्यासाठी केलेल्या नायलॉनच्या पट्ट्यानेच, आणि तोही बेताचा. मोटेचा जुना नाडा कितीही जाड दिसला, तरी उन्हापावसाने कुजलेला असतो. दोन पट्टे जोडताना मध्ये शॅकल घालू नये; पट्टा तुटला की तेच अस्त्र बनते.

ट्रॅक्टरच्या बाजूची चूक अधिक घातक आहे. दोर ड्रॉबारलाच लावावा. टॉपलिंकला किंवा ॲक्सलच्या वर कोठेही लावल्यास ट्रॅक्टरचे पुढील चाक उचलते आणि तो सुमारे दीड सेकंदात चालकाच्या अंगावर उलटू शकतो. क्लच एकदम सोडू नये. खालच्या गिअरमध्ये, दोर ताठ झाल्यावर हळूहळू जोर वाढवावा. ट्रॅक्टरचीच मागील चाके रुतू लागली तर लगेच थांबावे.

ओढण्यापूर्वी दोराच्या मध्यावर ओले गोणपाट टाकावे. दोर तुटलाच तर त्याचा वेग मोडतो. बघ्यांना, विशेषतः मुलांना, दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर बाजूस उभे करावे; दोरावरून कोणी ओलांडू नये. दोन्ही चालकांनी एकाच माणसाच्या हाताच्या खुणेवर चालावे. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने ही व्यवस्था लावली, तर गावकरी ऐकतात असा अनुभव आहे.

गाडी बाहेर निघाल्यावर आकडा धुऊन पाहावा. आकडा वाकला असेल, बोल्ट लांबला असेल किंवा भोक लंबगोल झाले असेल, तर तो पुन्हा वापरू नये. वाकलेला आकडा ठोकून सरळ करणे हा त्यावर उपाय नव्हे. तो बदलावा व नवीन बोल्ट घालावेत.