शरणपूरची दफनभूमी आणि मूळपुरुषाचा शोध : कुलेतिहासाचे एक साधन

कुळाच्या मूळपुरुषाचा शोध घ्यावयाचा झाल्यास नाशिक परिसरातील हिंदू कुटुंबाची पावले साहजिकच पंचवटीतील किंवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे वळतात. त्यांच्या वह्यांमध्ये गाव व आडनावानुसार यात्रेकरूंच्या नोंदी असतात. कोण आला, कोणाचा मुलगा, कोणाच्या अस्थी घेऊन आला, हे अनेकदा येणाऱ्याच्या स्वाक्षरीसह सापडते. दहनानंतर रामकुंडात अस्थिविसर्जन झाले की पूर्वजाची अशी जागा उरत नाही; उरते ती वहीतील ओळ. दफनाची रीत असलेल्या समाजांत परिस्थिती नेमकी उलट असते. तेथे पूर्वजाला जागा असते. पण ती कोणती, हे सांगणारी नोंद हाती असेलच असे नाही. प्रस्तुत लेखात नाशिकच्या शरणपूर या ख्रिस्ती वसाहतीच्या संदर्भात या दुसऱ्या शोधाचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

प्रारंभीच एका शब्दाविषयी सावध राहणे इष्ट. ‘समाधी’ हा शब्द मराठीत दफनस्थान आणि दहनस्थानावरील स्मारक अशा दोन्ही अर्थांनी चालतो. संन्यासी, नाथपंथी साधू, लिंगायत यांच्याकडे देह भूमीत ठेवण्याची परंपरा आहे. रायगडावरील शिवछत्रपतींची समाधी मात्र दहनानंतरचे स्मारक आहे. त्यामुळे जुन्या वंशावळीत ‘अमुक गावी समाधी’ असे आढळले, एवढ्यावरून तेथे दफन झाले असे मानता येत नाही.

चर्च मिशनरी सोसायटीचे कार्य नाशिकमध्ये १८३२ साली सुरू झाले. पुढे १८५४ मध्ये रेव्ह. विल्यम सॉल्टर प्राइस यांनी त्या वेळच्या गावाबाहेर शरणपूर वसविले. नव्याने ख्रिस्ती झालेली कुटुंबे, अनाथ मुले आणि ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेली आफ्रिकी मुले यांना तेथे आश्रय व कारागिरीचे शिक्षण मिळाले. यांपैकी अनाथ मुलाची स्थिती कुलेतिहासाच्या दृष्टीने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. त्याला अनेकदा गाव, बापाचे नाव वा आडनाव ठाऊक नसे. उपाध्यायाची वही त्याच्यापुरती मिटलेली होती. अशा मुलापासून पुढे जे कुळ वाढले त्याची वंशावळ बाप्तिस्म्याच्या नोंदीपासून सुरू होते, आणि त्या कुळाची पहिली स्थिर जागा म्हणजे त्या मूळपुरुषाची कबर. ती हरवली तर मागे जाण्यासाठी दुसरी वाट सहसा नसते.

हा शोध दगडापासून नव्हे, नोंदवहीपासून सुरू करावा. दफनाच्या नोंदीत सामान्यतः नाव, वय, व्यवसाय, दफनाची तारीख आणि विधी करणाऱ्या पाळकांचे नाव मिळते. आपल्याकडील हवामानामुळे मृत्यू व दफन यांत फार तर एखाद्या दिवसाचे अंतर असे. म्हणून दफनाची तारीख मृत्यूच्या तारखेला जवळची मानता येते. वयावर मात्र विसंबू नये, कारण अनाथ मुलाचे वय प्रवेशाच्या वेळी अंदाजानेच लिहिलेले असे. नावाची अडचण त्याहून मोठी. बाप्तिस्म्याच्या वेळी नाव बदलले असण्याची शक्यता असते, आणि इंग्रजी नोंदीत मराठी नावे लिहिणाऱ्याच्या कानाला जशी भासली तशी उतरत. बडोद्याच्या गायकवाडांचेही इंग्रजी दप्तरांत ‘गायकोवार’ झाले. मग शरणपूरच्या एखाद्या सुताराच्या नावाची काय कथा! एकाच व्यक्तीची चार-पाच संभाव्य रूपे आधी कागदावर मांडून घ्यावीत.

कबरीचे ठिकाण बहुतेकदा अशा नोंदीत नसतेच. येथे दफनभूमीतील क्रम उपयोगी पडतो. दफने ओळीने होत गेली असतील, तर तारीख वाचता येणाऱ्या दोन दगडांमधील बिननावाच्या कबरी त्या दोन तारखांच्या दरम्यानच्या ठरतात, आणि नोंदवहीतील त्या काळातील नावे क्रमाने लावून पाहता येतात. हा ताळा फसतो तो दोन ठिकाणी : कुटुंबाने आधीच जागा राखून ठेवली असेल तेथे, आणि जुन्या कबरीवर पुन्हा दफन झाले असेल तेथे. म्हणून पत्नी, मुले, सुना यांचे दगडही वाचावेत. मूळपुरुषाचे नाव स्वतःच्या दगडावर पुसले गेले तरी विधवेच्या दगडावर ‘अमुक यांची पत्नी’ म्हणून टिकलेले असू शकते. अक्षरे झिजली असल्यास सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ती स्पष्ट होतात. आम्ल वा तारेचा ब्रश वापरून दगड ‘स्वच्छ’ करणे म्हणजे साधनच नष्ट करणे होय.

कबरीची खूण किती नाजूक असते याचे एक उदाहरण नाशिकशीच निगडित आहे. येथे शिकलेला जेकब वेनराइट हा १८७२ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या तुकडीत सामील झाला. १८७३ मध्ये आजच्या झांबियात लिव्हिंग्स्टन यांचे निधन झाले. त्यांचे हृदय एका झाडाखाली पुरण्यात आले, जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली. ते झाड पुढे किडले. कोरलेला भाग कापून लंडनला नेण्यात आला, म्हणून ती अक्षरे राहिली. शरणपूरच्या गरीब कुटुंबांनी उभारलेल्या लाकडी क्रुसांना असे भाग्य कोठून लाभणार?

मूळ नोंदवह्यांचा माग संस्थांच्या बदलत्या रचनेतून काढावा लागतो. नाशिकचा अँग्लिकन धर्मप्रांत १९२९ मध्ये स्थापन झाला आणि १९७० मध्ये ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’त समाविष्ट झाला, त्यामुळे प्रथम स्थानिक पाळक व धर्मप्रांताचे कार्यालय येथे चौकशी करावी. मिशनचा पत्रव्यवहार बर्मिंगहॅम विद्यापीठात आहे. मुंबई इलाख्यातील चर्चच्या नोंदींच्या लंडनला पाठविलेल्या प्रती ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मात्र त्या मुख्यतः युरोपीय लोकांच्या असल्याने देशी ख्रिस्ती कुटुंबांनी त्यांवर फार आशा ठेवू नये.

आफ्रिकी मुलांचा प्रश्न याहून वेगळा आहे. मोंबासाजवळ १८७५ मध्ये फ्रेअर टाउन ही वसाहत उभी राहिली आणि नाशिकला वाढलेले अनेक आफ्रिकी तिकडे गेले. त्यांचे वंशज आज केनियात आहेत. शरणपूरला असतानाच जी मुले दगावली त्यांची नोंद सापडली, तरी तिची विचारणा करणारे कुटुंब येथे नाही. तो शोध मोंबासाच्या बाजूनेच सुरू व्हावा लागेल.