जुन्या खेळयंत्राचे मोल
खोपटमधील एखाद्या घराच्या माळ्यावर जुना व्हिडिओ गेम सापडला, तर तो भंगारात देण्यापूर्वी नीट पाहावा. नव्वदच्या दशकात आपल्याकडे विकले गेलेले अनेक संच निन्टेंडोच्या ‘फॅमिकॉम’च्या प्रतिकृती होत्या. जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आलेल्या मूळ फॅमिकॉमची चौकोनी रबरी बटणे दाबताना अडकत. म्हणून पुढे गोल बटणे आली. तोच दोष आज दुर्मीळतेची खूण ठरला आहे. मूळ खोके, अनुक्रमांक व न बदललेले भाग यांवर मोल ठरते. भाग बदलले असल्यास विकताना तसे सांगावे. नकली वस्तू अस्सल म्हणून देणे हा ‘प्रतिरूपक-व्यवहार’, अचौर्य अणुव्रताचा अतिचार होय. संग्रहालाही परिग्रह-परिमाणाची मर्यादा असावी.