पापड पुसट, भिंत स्वच्छ!

गटाच्या पापडांचा फोटो आम्ही गिऱ्हाइकाला पाठवला. मागची भिंत स्वच्छ आणि पापड पुसट! ऑर्डर हातची गेली. नेमकं काय टिपायचं, हे आम्ही कॅमेऱ्याला सांगितलंच नव्हतं.

मोबाइलच्या पडद्यावर पापडावर बोट टेकवा, फोकस तिथं बसतो. बोट दाबून धरलं, तर बऱ्याच फोनमध्ये तो तिथंच पक्का राहतो.

मोठा कॅमेरा हाती आला, तर स्थिर वस्तूसाठी ‘सिंगल’ लावा. बटण अर्धं दाबलं की फोकस एकदाच ठरतो. लेझीम खेळणाऱ्या मुली किंवा उधळलेलं वासरू टिपायचं, तर ‘कंटिन्युअस’ लावा. बटण अर्धं दाबून धरलं की फोकस त्यांच्यामागं फिरत राहतो.

आणि फोटो पाठवण्याआधी मोठा करून बघा बरं का!