आपोआप वीजबिल : कमाल रक्कम किती लिहावी?

लेखमाला : घरातला पैसा – भाग ९

मागच्या भागात आपण धनादेश पाहिला. धनादेशावर तारीख आपली, आकडा आपला, सही आपली, आणि तो कधी द्यायचा हेही आपल्याच हातात. आजचा विषय थेट खात्यातून आपोआप जाणारं वीजबिल. इथं सही एकदाच होते. त्यानंतर दर महिन्याला आकडा वीज कंपनीचा, दिवस कंपनीचा, आणि पैसे मागायला आपल्या बँकेकडे जाते तीही कंपनीच. रांग नाही, सुट्ट्या पैशांची कटकट नाही, शेवटच्या तारखेची धावपळ नाही. सोय मोठीच आहे. पण या मागण्याला लगाम घालणारी फॉर्मवरची चौकट एकच असते, ‘कमाल रक्कम’. आज मुख्यतः त्या चौकटीबद्दल.

पैसे कोण हलवतं?

आपोआप बिल भरण्याचे प्रकार बरेच दिसतात. पैशाच्या दिशेने पाहिलं तर मार्ग दोनच उरतात. एकात कंपनी आपल्या खात्यातून रक्कम ओढून घेते, दुसऱ्यात आपली बँक आपल्या वतीने भरणा करते.

ओढून घेण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे ‘नॅच’. आधी हे काम ईसीएसने होई आणि घराघरांत अजून तोच शब्द चालतो. यूपीआय चालवणारी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन हीच नॅचही चालवते. ग्राहक मॅन्डेटचा, म्हणजे खात्यातून पैसे घेण्याच्या परवानगीचा, फॉर्म भरतो: खातं, आयएफएससी, ग्राहक क्रमांक, कमाल रक्कम, मुदत आणि सही. तो कंपनीच्या बँकेमार्फत आपल्या बँकेत येतो, सही पडताळली जाते आणि मंजुरीनंतर मॅन्डेटला स्वतंत्र क्रमांक मिळतो. मग दर महिन्याला कंपनीची बँक सगळ्या ग्राहकांच्या रकमांची एकत्र फाइल पाठवते आणि ज्याच्या त्याच्या खात्यातून पैसे वळते होतात. १ ऑगस्ट २०२१ पासून ही यंत्रणा रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालते. ‘उद्या रविवार, सोमवारी पैसे टाकू’ हा हिशेब तेव्हापासून बाद झाला.

फॉर्म अडतो तो बहुधा सहीवर. बँकेच्या नोंदीतली पंधरा वर्षांपूर्वीची सही आणि आजची सही जुळत नाही, मॅन्डेट परत येतो. नेट बँकिंग, डेबिट कार्ड किंवा आधारवरून ई-मॅन्डेट दिला तर ही अडचण राहत नाही. पतसंस्थेतलं खातं मात्र इथं चालत नाही. पतसंस्था ही बँक नव्हे.

ओढून घेण्याचाच अलीकडचा प्रकार म्हणजे कार्डावरचा ई-मॅन्डेट आणि जुलै २०२० मध्ये सुरू झालेलं यूपीआय ऑटोपे. यांना रिझर्व्ह बँकेचे खास नियम लागू आहेत. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना आली पाहिजे, त्या सूचनेवरून तो एक व्यवहार किंवा अख्खा मॅन्डेट थांबवता आला पाहिजे, आणि या सोयीसाठी ग्राहकाकडून शुल्क घ्यायचं नाही. ओटीपीविना जाणाऱ्या रकमेची मर्यादा जून २०२२ मध्ये १५,००० रुपये झाली. घरगुती वीजबिलाला ती पुरून उरते.

दुसरा मार्ग भारत बिल पेमेंटचा. बँकेच्या ॲपमध्ये वीज कंपनी निवडून ग्राहक क्रमांक नोंदवला, की बँक दर महिन्याला बिल मागवून घेते आणि आपण आखून दिलेल्या मर्यादेत भरते. वीज कंपनीकडे आपला मॅन्डेट नसतो. ज्याला सूत्रं स्वतःच्या बँकेकडे ठेवायची आहेत, त्याला हा मार्ग अधिक मानवेल.

आकडा कसा काढायचा?

समजा, नागपुरातल्या एका घराचं जानेवारीचं बिल १,१०० रुपये आहे, मेचं ३,४०० आणि वर्षाची सरासरी १,९००. फॉर्म भरताना सरासरी डोळ्यांपुढे येते आणि ‘थोडं जास्त असू दे’ म्हणून २,५०० लिहिले जातात. मार्चपर्यंत सगळं सुरळीत चालतं. एप्रिलमध्ये कूलर-एसी सुरू होतात आणि बिल २,५०० ओलांडतं. मॅन्डेट अशा वेळी २,५०० देऊन उरलेले मागे ठेवत नाही. पूर्ण रक्कम नाकारली जाते. बिल थकतं आणि घरातले मात्र ते भरलं गेलं या समजुतीत असतात.

उन्हाळ्याचं बिल वापरापेक्षा वेगाने का चढतं? घरगुती दर टप्प्यांचा असतो: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यावर चौथा. वापर वाढला की शेवटची युनिटं महागड्या टप्प्यात पडतात. त्यावर इंधन समायोजन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क. शिवाय दर बदलायचे तर तो बदल बहुधा आर्थिक वर्षाच्या तोंडाशी, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या दारात येतो.

म्हणून सरासरी बाजूला ठेवा. मागच्या बारा महिन्यांतलं सर्वांत मोठं बिल घ्या आणि त्यात पाव हिस्सा मिळवा. वरच्या घरासाठी ३,४०० अधिक ८५०, म्हणजे ४,२५०, लिहायचे ४,५००. घरात एसी नवा येणार असेल तर अजून थोडे वाढवा. पण ‘कटकट नको’ म्हणून २५,००० लिहू नका. का, ते २०२० साली दिसलं.

जून २०२० ची परीक्षा

टाळेबंदीमुळे मार्चच्या अखेरीपासून मीटरचं रीडिंग घेणं बंद झालं. पुढची बिलं सरासरीवर निघाली, आणि सरासरी धरली गेली हिवाळ्याच्या महिन्यांची. प्रत्यक्ष वापर मात्र उन्हाळ्याचा, तोही सगळं कुटुंब दिवसभर घरात असताना. जूनमध्ये रीडिंग सुरू झालं आणि राहिलेला सगळा फरक एकाच बिलात उतरला. मुंबईपासून विदर्भापर्यंत ओरड झाली. आकडा मोठा म्हणजे चुकीचाच असं नव्हतं; अनेक बिलं हिशेबाने बरोबर होती. तरी पगार कापले गेलेल्या घरांना ती एका दमात भरणं अवघड होतं आणि शेवटी हप्त्यांची सवलत द्यावी लागली.

हप्ते मॅन्डेटला कळत नाहीत. बेताची मर्यादा लिहिलेल्या घरात असं बिल अडतं आणि काय करायचं हे ठरवायला घरच्यांना वेळ मिळतो. अफाट मर्यादा असेल तर महिन्याचा किराणा आणि मुलांची फी ज्या खात्यात आहे, तिथून पूर्ण रक्कम आधी जाते, विचारविनिमय नंतर.

बिल चुकलं तर

मीटर सदोष असतो, घर बंद असल्याने अंदाजे युनिटं पडतात, एखादा आकडा चुकीचा टिपला जातो. म्हणून बिल आल्याचा दिवस आणि पैसे कापले जाण्याचा दिवस यांच्यामध्ये ते वाचायचंच. तीन गोष्टी पुरे: चालू रीडिंग मीटरवरच्या आकड्याशी ताडून पाहा, बिल प्रत्यक्ष रीडिंगचं आहे की सरासरीचं ते बघा, आणि युनिटं गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी लावून पाहा.

गडबड दिसली तर तेवढा एक भरणा थांबवा आणि लेखी तक्रार करा. विद्युत कायदा २००३ चं कलम ५६ इथं कामी येतं. वाद असेल तर हरकत नोंदवून मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतली कमी असेल ती भरता येते; वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. एरवीही थकबाकीपोटी वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. ‘आज रात्री तुमची वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा’ हा मोबाइलवरचा संदेश खोटा असतो, हे याच कलमावरून ओळखावं.

दर महिन्याला बिल असं तपासत बसणं लंडन-मँचेस्टरमधल्या मराठी घरांना वेगळं वाटेल. खात्यातून थेट वसुलीची पद्धत ब्रिटनमध्ये १९६४ साली युनिलिव्हरमधल्या अ‍ॅलस्टर हँटन यांनी आइस्क्रीम विक्रेत्यांकडची येणी गोळा करण्यासाठी बसवली. तिथं वीज-गॅसचं बिल बहुधा दरमहा समान रकमेने जातं; उन्हाळ्यात जमा साठते, हिवाळ्यात ती वापरली जाते. शिवाय चुकीने रक्कम कापली गेली तर बँकेने ती परत करण्याची हमी असते. आपल्याकडे जादा गेलेली रक्कम बहुधा पुढच्या बिलात वळती होते. म्हणजे आपल्याकडे चूक पैसे जाण्याआधी पकडण्याला किंमत जास्त.

दंडाचा हिशेब

महावितरणच्या बिलावर तीन रकमा असतात: लवकर भरल्यास, देय तारखेपर्यंत आणि त्यानंतर. लवकर भरण्याची सवलत एक टक्का, करांखेरीज. २,००० रुपयांच्या बिलावर साधारण १७ रुपये. मॅन्डेट देय तारखेला लागत असेल तर ही सवलत हुकते. उशिराचा आकार सव्वा टक्का, म्हणजे २५ रुपये. पण खात्यात शिल्लक नसल्याने नॅच परत गेलं, तर बँक त्याचे काही शे रुपये आणि वर जीएसटी लावू शकते. कायदाही इथं धनादेशाइतकाच कडक आहे: २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ नुसार अपुऱ्या शिलकीमुळे असा भरणा परत जाणं हा गुन्हा आहे. थोडक्यात, ज्या खात्यात शिल्लक महिनाअखेर तळाला जाते, त्यावर मॅन्डेट देऊ नये.

बंद घर, जुनं खातं

या सोयीची खरी गरज असते ती कुलूपबंद घराला. मुलगा पुण्यात किंवा अमेरिकेत, घर रत्नागिरीत, बिल आजोबांच्या नावावर आणि पैसे वडिलांच्या खात्यातून. नावं वेगळी असली तरी बिल भरलं जातं. पण वडील गेले आणि बँकेने खातं गोठवलं, की भरणाही थांबतो. नोटीस बंद दारावर लागते, मग लाइन कापली जाते आणि थकबाकी तशीच राहिली तर जोडणी कायमची तोडली जाते. वायरमनच्या भाषेत ‘पीडी’. अशा घरांनी एक करावं: वीज कंपनीकडे नोंदवलेला मोबाइल नंबर आज हयात आणि हाताशी असलेल्या माणसाचा ठेवावा आणि खातं बदललं, की त्याच आठवड्यात नवा मॅन्डेट द्यावा.

या रविवारी मागची बारा बिलं काढा, सर्वांत मोठं शोधा, पाव हिस्सा मिळवा आणि मॅन्डेटवरच्या आकड्याशी ताडून पाहा. फरक मोठा असेल तर मॅन्डेट बदलून घ्या.

*पुढील भागात : वर्षातून एकदा वेगळ्या कागदावर येणारं, म्हणून मॅन्डेटमधून हमखास निसटणारं बिल – अतिरिक्त सुरक्षा ठेव.*