एकदाच लिहा, दहा ठिकाणी वापरा: सॉफ्टवेअरचं मॅन्युअल सांभाळायची सोपी पद्धत



सॉफ्टवेअर विकल्यानंतरच्या सपोर्टवर आपण व्हिडिओत बोललो, तेव्हा मॅन्युअलचा विषय दोन मिनिटांत उरकला होता. पण खरं सांगायचं तर छोट्या सॉफ्टवेअर व्यवसायात सर्वात जास्त वेळ तिथेच वाया जातो. म्हणून आज तोच विषय सविस्तर घेऊया.

आमच्या एका बॅचमधल्या दोन मित्रांनी होलसेल व्यापाऱ्यांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर बनवलं होतं. सॉफ्टवेअर चांगलं, ग्राहकही समाधानी. मदतीसाठीचा मजकूर मात्र सगळीकडे पसरलेला. पीडीएफ मॅन्युअल वेगळं, वेबसाइटवरचे प्रश्नोत्तरं वेगळे, कोटेशनला जोडायचं माहितीपत्रक वेगळं, आणि व्हॉट्सॲपवरची तयार उत्तरं आणखी वेगळी. ई-इन्व्हॉइस कोणाला लागू आहे, हे या सगळ्यांत मिळून ११ ठिकाणी लिहिलेलं होतं.

१ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइसची मर्यादा १० कोटींवरून ५ कोटींवर आली. दोघांनी मॅन्युअल बदललं, माहितीपत्रक बदललं. वेबसाइटवरचं एक उत्तर तेवढं राहून गेलं. सात कोटींची उलाढाल असलेल्या एका ग्राहकाने नेमकं तेच वाचलं आणि "आपल्याला लागू नाही" म्हणून साधी बिलं काढत राहिला. आता नियम असा आहे की ज्याला ई-इन्व्हॉइस लागू आहे त्याने ती न करता बिल दिलं, तर ते बिल जीएसटीच्या दृष्टीने बिलच धरलं जात नाही. समोरच्या खरेदीदाराचं टॅक्स क्रेडिट अडचणीत येतं. त्या खरेदीदाराने पेमेंट रोखून धरलं आणि आपल्या दोघांचा ग्राहक भडकला. सॉफ्टवेअर अगदी बरोबर चालत होतं, बरं का. एका पानावरचा एक आकडा जुना होता, एवढंच.

कॉपी-पेस्ट स्वस्त वाटतं, पण बिल नंतर येतं

ई-इन्व्हॉइसच्या मर्यादेचा प्रवास बघा. १ ऑक्टोबर २०२० ला ती ५०० कोटी होती. मग १ जानेवारी २०२१ ला १०० कोटी, १ एप्रिल २०२१ ला ५० कोटी, १ एप्रिल २०२२ ला २० कोटी, १ ऑक्टोबर २०२२ ला १० कोटी आणि १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटी. म्हणजे तीन वर्षांच्या आत पाच बदल.

तुमचा आकडा ११ ठिकाणी लिहिलेला असेल तर पाच बदलांसाठी ५५ दुरुस्त्या झाल्या. एकाच ठिकाणी असेल तर फक्त पाच. आणि ५५ मधली एक जरी चुकली, तरी वरच्यासारखा प्रसंग ठरलेला.

कॉपी-पेस्ट केल्यावर मजकुराच्या दोन प्रती तयार होतात. त्या दिवशी त्या सारख्या असतात, पुढे दोघींचा रस्ता वेगळा. पुनर्वापर म्हणजे मूळ मजकूर एकच ठेवायचा आणि बाकी सगळीकडे तोच ओढून घ्यायचा. मोठ्या कंपन्या हे फार आधीपासून करतात. आयबीएममध्ये यासाठी 'डिटा' नावाची पद्धत तयार झाली आणि २००५ साली 'ओएसिस' या संस्थेने ती मानक म्हणून स्वीकारली. आपल्याला एवढी मोठी यंत्रणा लागत नाही. त्यामागचा विचार मात्र जसाच्या तसा घ्यायचा.

आधी दुरुस्ती, मग पुनर्वापर

इथे बरेच जण घाई करतात. वाईट लिहिलेला परिच्छेद दहा ठिकाणी वापरला, तर गोंधळही दहापट होतो. म्हणून आधी मजकूर सुधारा.

सुरुवात सपोर्टच्या फोनपासून करा. महिनाभर आलेले प्रश्न वहीत लिहून काढा. जो प्रश्न वारंवार येतो, त्याचं पान एकतर नाहीये, किंवा आहे पण समजत नाहीये. ते पान पहिल्यांदा हातात घ्या.

आता हे वाक्य वाचा: "युजरने इन्व्हॉइस मॉड्यूलमधील संबंधित पर्याय निवडून आवश्यक ती माहिती भरल्यास ई-इन्व्हॉइस जनरेट करता येऊ शकते." काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना कोणता दुकानदार हे वाचेल? तेच असं लिहा:

१. 'विक्री' मेनूतून 'नवीन बिल' उघडा.
२. ग्राहकाचा जीएसटी नंबर भरा.
३. 'ई-इन्व्हॉइस' बटण दाबा.
बिलावर क्यूआर कोड दिसला की काम झालं.

यात चार गोष्टी सांभाळल्या. एका पायरीत एकच कृती. बटणाचं नाव स्क्रीनवर आहे तेच. "संबंधित", "आवश्यक ती" असले मोघम शब्द काढले. आणि शेवटी काम झालं हे कसं ओळखायचं, ते सांगितलं. शिवाय प्रत्येक पान एकाच कामाचं ठेवा आणि त्याचं शीर्षक ग्राहक विचारतो तसं द्या. "इन्व्हॉइस व्यवस्थापन" यापेक्षा "चुकलेलं बिल रद्द कसं करायचं?" हे चटकन सापडतं.

काय काय एकाच ठिकाणी ठेवायचं?

पहिलं, बदलणारे आकडे आणि नावं. जीएसटीचे दर, ई-इन्व्हॉइसची मर्यादा, सपोर्टचा नंबर, सपोर्टची वेळ, व्हर्जन नंबर. यांची एक यादी करा आणि प्रत्येकासमोर "शेवटचं तपासलं" अशी तारीख टाका.

दुसरं, पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे. "अपडेट करण्यापूर्वी बॅकअप घ्या" ही सूचना आणि बॅकअपच्या पायऱ्या पाच पानांवर लागतात. त्या एकदाच लिहा.

तिसरं, नमुना बिलं आणि स्क्रीनशॉट. हे हमखास विसरलं जातं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले. पॅकबंद फरसाण १२ वरून ५ टक्क्यांवर आलं, सिमेंट २८ वरून १८ वर. मजकूर सुधारला पण चित्रात १२ टक्केच दिसत असेल, तर दुकानदार चित्रावर विश्वास ठेवतो. म्हणून नमुना बिल एकच ठेवा आणि चित्राची फाइलही एकच. फाइलचं नाव न बदलता नवीन चित्र त्याच जागी ठेवलं, की जिथे जिथे ती फाइल जोडलेली आहे तिथे नवीन चित्र दिसतं.

काय वेगळंच ठेवायचं?

सगळंच एकत्र करायच्या मागे लागू नका. मालकाला आणि काउंटरवरच्या मुलाला एकच गोष्ट वेगळ्या पद्धतीने सांगावी लागते. मालकाला कायदा आणि जोखीम कळली पाहिजे, मुलाला कोणतं बटण दाबायचं ते. मर्यादेचा आकडा दोघांसाठी एकच, समजावणं वेगळं.

आणखी एक सवय लावा. सगळीकडे वापरायच्या तुकड्यात "वर सांगितल्याप्रमाणे", "मागील पानावर बघा" असं लिहू नका. तो तुकडा दुसऱ्या पानावर गेला की "वर" काहीच नसतं. प्रत्येक तुकडा एकटा वाचला तरी पूर्ण कळला पाहिजे.

मूळ तुकड्यात चूक झाली तर ती एकाच वेळी सगळीकडे पोचते, हेही ध्यानात ठेवा. त्यामुळे असा तुकडा बदलताना दुसऱ्या माणसाने वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही.

टूल कोणतं घ्यायचं?

डेव्हलपर सोबत असेल तर स्फिंक्स किंवा ॲस्किडॉक बघा. दोन्ही फुकट आहेत. एका फाइलमधला मजकूर दुसऱ्या फाइलमध्ये ओढून घेण्याची सोय दोन्हींत आहे. त्यातून वेबसाइटची पानंही निघतात आणि पीडीएफही.

हे जमण्यासारखं नसेल तर शेअर केलेली एक साधी शीट पुरे. तीन रकाने करा: मजकूर, तो कुठे कुठे वापरलाय, शेवटचं तपासलं ती तारीख. दुरुस्ती हातानेच करावी लागेल, पण ११ पैकी एकही जागा विसरली जाणार नाही. आपल्या त्या दोघांनी सुरुवात अशा शीटनेच केली आणि पहिल्याच दिवशी त्यांना आणखी दोन जुने आकडे सापडले!

व्हॉट्सॲपवर ग्राहकाला शक्यतो मजकूर किंवा पीडीएफ पाठवू नका, पानाची लिंक पाठवा. ग्राहकाच्या फोनमधली पीडीएफ तुम्ही कधीच दुरुस्त करू शकत नाही. लिंकवर मात्र तो जेव्हा उघडेल तेव्हा ताजी माहिती असते. पीडीएफ द्यावीच लागली तर पहिल्या पानावर तारीख आणि व्हर्जन मोठ्या अक्षरात टाका.

पुढे हिंदी किंवा गुजराती मॅन्युअल काढायचं ठरलं, तर याचा फायदा आणखी दिसेल. जो तुकडा एकदाच लिहिलाय, त्याच्या भाषांतराचे पैसेही एकदाच द्यावे लागतात.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या व्यवसायातला एकच आकडा निवडा, जो गेल्या दोन वर्षांत बदललाय. तो कुठे कुठे लिहिलाय ते शोधा: मॅन्युअल, वेबसाइट, कोटेशन, व्हिडिओखालची माहिती, व्हॉट्सॲप, ऑफिसमधला फळा. किती ठिकाणी सापडला आणि त्यातले किती जुने निघाले, ते मोजा. तुम्ही सॉफ्टवेअर विकत नसाल, मसाले विकत असाल किंवा क्लास चालवत असाल, तरी हा गृहपाठ तुमच्यासाठीही आहे. दरपत्रक तुमच्याकडेही असतंच की!

सापडलेले जुने आकडे आजच दुरुस्त करा. शीट उद्या केली तरी चालेल.