बोल्ट आवळतो म्हणजे नेमके काय होते?

बोल्टचे काम काय, असे विचारले तर कोणीही सांगेल, ‘दोन वस्तू एकत्र धरून ठेवणे.’ पण तो त्या धरून ठेवतो कसा? भिंतीतल्या खुंटीसारखा आडवा राहून भार अंगावर घेतो, असे बहुतेकांना वाटते. मोटारीच्या सस्पेन्शनमध्ये, म्हणजे चाके आणि सांगाडा यांना जोडणाऱ्या स्प्रिंगा, पाटे व आर्म यांच्या जुळणीत, हा समज महागात पडतो. तेथे नीट आवळलेला बोल्ट खुंटीचे काम करीतच नाही. तो स्प्रिंगचे काम करतो!

पोलादाचा जाड बोल्ट आणि स्प्रिंग? होय. नट फिरवला की तो आट्यांवरून पुढे सरकू पाहतो. मधले भाग त्याला सरकू देत नाहीत. मग बोल्टचा दांडाच ताणला जातो. ताण आणि लांबीतील वाढ यांचे प्रमाण रॉबर्ट हूक याने १६७८ साली प्रसिद्ध केले, ते तुम्ही शिकला आहातच. १२ मिमी व्यासाचा एक बोल्ट घेऊ. त्याचा ६० मिमी भाग पकडीत आहे. योग्य तेवढा आवळल्यावर तो सुमारे ०.१३ मिमी लांब होतो. ही वाढ वहीच्या एक-दोन पानांच्या जाडीएवढीच, पण तेवढ्यासाठी तो जवळजवळ ३७,००० न्यूटन बलाने आखडू पाहत असतो. पावणेचार टन वजनाएवढे हे बल झाले!

या बलाने मधले भाग एकमेकांवर दाबले जातात आणि दाबामुळे घर्षण निर्माण होते. पोलादावर पोलाद असताना घर्षणांक ०.१५ धरला, तर एका पृष्ठावर सुमारे ५,५०० न्यूटन, दोन पृष्ठांवर ११,००० न्यूटन. रस्त्यावरच्या खड्ड्याचा हिसका या घर्षणाने पेलायचा असतो. हे साधले की बोल्टला आडवा मार लागत नाही. घर्षण कमी पडले तर जोड सरकू लागतो, बोल्ट दर धक्क्याला किंचित वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. एकदा वाकल्याने काही होत नाही. लाखो वेळा वाकल्यावर धातूला शीण येतो. आट्याच्या तळाशी बारीक तडा जातो, तो वाढत जातो आणि एके दिवशी बोल्ट तुटतो. गॅरेजात मग म्हणतात, ‘बोल्ट कच्चा निघाला.’ पुष्कळदा तो कच्चा नसतो, ढिला असतो.

कच्चे बोल्ट नसतात असे मात्र नाही. मोटारीच्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे कोरलेले दिसतील. पहिल्या आकड्याला १०० ने गुणले की तुटण्याचे प्रतिबल मिळते, न्यूटन प्रति चौरस मिमी या एककात. दशांश चिन्हानंतरचा आकडा सांगतो की त्याच्या किती दशांश प्रतिबलाला बोल्ट कायमचा लांब होऊ लागतो. म्हणजे ८.८ चा बोल्ट ८०० ला तुटतो आणि ६४० ला हूकचा नियम सोडतो. लोखंडी सामानाच्या दुकानात किलोवर मिळणारा साधा बोल्ट बहुधा ४.६ च्या प्रतीचा असतो. वरच्या उदाहरणातल्या बोल्टचे आट्यांपाशी परिणामी क्षेत्रफळ ८४.३ चौरस मिमी आहे. हिशेब करून पाहा: ४.६ चा बोल्ट ३३,७०० न्यूटनलाच तुटतो. मग तो ३७,००० न्यूटनची पकड कोठून देणार? दिसायला दोन्ही बोल्ट सारखेच, भावात मात्र फरक. म्हणूनच ही अदलाबदल होत राहते.

याउलट ‘आणखी कठीण घेऊ’ म्हणून १२.९ चा बोल्ट घालणे हेही शहाणपण नव्हे. अति कठीण पोलादावर विजेच्या साहाय्याने जस्ताचा मुलामा देताना हायड्रोजन आत शिरू शकतो. तो वेळीच तापवून बाहेर काढला नाही, तर आवळल्यानंतर काही तासांनी किंवा दिवसांनी बोल्ट अचानक तुटू शकतो. निर्मात्याने दिलेली प्रत, तोच आटा आणि तीच लांबी घ्यावी. बिनआट्याचा गुळगुळीत भागही मूळच्या बोल्टइतकाच असावा.

आता आवळण्याकडे वळू. ताण थेट मोजणे अवघड, म्हणून पान्यावर दिलेला पीळ मोजतात. याला टॉर्क म्हणतात. पाठ्यपुस्तकातले बलाचे आघूर्ण ते हेच. आपल्या ८.८ च्या बोल्टला सुमारे ९० न्यूटन-मीटर लागतात. म्हणजे ३० सेंमी लांबीच्या पान्याच्या टोकाला ३० किलो वजनाएवढा जोर. निम्म्या व्यासाच्या, ६ मिमीच्या बोल्टला किती? निम्मा नव्हे, आठवा हिस्सा, कारण पीळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. लांब पाना घेऊन बारीक बोल्ट आवळणारे त्यांची डोकी का उडवतात, ते यावरून कळेल.

या पिळाची गंमत अशी की त्यातला साधारण दहावा भागच बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. निम्मा नटाखालच्या घर्षणात जातो आणि उरलेला आट्यांमधल्या. त्यामुळे आट्यांना तेल लावले की तेवढ्याच पिळात ताण बराच वाढतो. कधी बोल्ट तुटायची वेळ येते. गंजलेल्या आट्यांवर उलट घडते. पाना ‘कट्’ करून वाजतो, पण ताण पुरेसा आलेलाच नसतो. दिलेला आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की तेल लावलेल्या, हे म्हणूनच आधी पाहावे लागते.

मोटारीच्या आर्मला रबरी बुश असते, तेथे आणखी एक गोष्ट आहे. बुशाची आतली नळी बोल्टने सांगाड्याच्या कानांमध्ये घट्ट पकडली जाते. ती फिरत नाही; आर्म हलला की रबर पिळले जाते. गाडी जॅकवर असताना चाक खाली लोंबते. त्या स्थितीत बोल्ट पक्का आवळला आणि गाडी खाली उतरवली, तर गाडी नुसती उभी असतानाही रबर पिळलेलेच राहते आणि लवकर फाटते. बोल्ट आधी हलका लावावा, गाडीचे वजन चाकांवर येऊ द्यावे आणि मगच पक्का आवळावा.

आवळलेला नट धक्क्यांनी सुटतो, त्यासाठी आपल्याकडे स्प्रिंग वॉशरवर फार भिस्त ठेवतात. गेऱ्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली दाखवून दिले की नट सुटतो तो मुख्यतः जोड आडवा सरकल्यामुळे. अशा सरकण्यापुढे वेटोळ्याच्या वॉशरचा उपयोग फारसा होत नाही. खरा उपाय पुरेसा ताण हाच. नायलॉनच्या कड्याचा लॉकनट मदत करतो, पण एकदा काढला की त्याची पकड कमी होते. तेथे नवाच लावावा.

आवळून झाल्यावर नट आणि शेजारचा भाग यांवर मिळून रंगाची एक रेघ ओढतात. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला असे समजते. पण रेघ अखंड असूनही ताण गेलेला असू शकतो! ०.१३ मिमीची वाढ आठवा. जोडाच्या पृष्ठांवर राहिलेला रंग किंवा गंज ०.०५ मिमी जरी दबला, तरी नट न फिरता एक तृतीयांशाहून अधिक ताण नाहीसा होतो. ट्रकचे किंवा बसचे पाटे यू बोल्टने आसाला बांधतात, तेथे एकावर एक रचलेले पाटे धक्क्यांनी बसत जातात. यू बोल्ट ढिले पडले की आस मागेपुढे सरकतो. मग सारा भार मधल्या लहानशा सेंटर बोल्टवर येऊन तो कापला जातो, किंवा त्याच्या भोकापाशीच पाटा तुटतो. म्हणून पाट्यांचे काम झालेली गाडी थोडी चालली की परत बोलावून घेतात आणि चारही नट टॉर्कच्या पान्याने पुन्हा तपासतात.