मावत नाही, तेही मावते

मोटरसायकलची चासी सँडब्लास्टिंगच्या घरगुती पेटीत मावत नाही. गंमत अशी, की ती पुरती मावायची गरजच नसते. कणांचा झोत एका वेळी इंच-दीड इंचाच्या जागेवर काम करतो. तेवढी जागा पेटीच्या आत असली की झाले, बाकीची चासी खुशाल बाहेर राहू दे. मोठ्या जॉबसाठी पेटी मोठी करायला निघालेला माणूस बहुधा पत्र्याचा आणि वेल्डिंगचा हिशोब मांडत बसतो. खरा हिशोब हवेचा असतो, आणि तोच या प्रकरणातला सगळ्यात मजेदार भाग आहे.

आधी झोताकडे बघू. पेटीतली सक्शन गन साधी दिसते, पण तिच्यात एक फार हुशार युक्ती आहे. बारीक छिद्रातून जोरात सुटणारी हवा स्वतःभोवतीचा दाब कमी करते, आणि त्या कमी दाबाच्या ओढीने खालच्या नरसाळ्यातले कण नळीतून वर चढतात. पंप नाही, मोटर नाही. असे किती कण? पाव मिलिमीटरचा गार्नेटचा कण धरला, तर एका किलोत सुमारे तीन कोटी कण भरतात. एकेक कण गंजाला किंवा रंगाला नखाएवढासुद्धा ओरखडा काढत नाही. पण तीन कोटी ओरखडे पडले की खाली करडे, एकसारखे, स्वच्छ लोखंड उघडे पडते. शिवाय तेच कण चाळून पुन्हा पुन्हा वापरता येतात.

कणांच्या झोताची ही कल्पना फिलाडेल्फियाच्या बेंजामिन च्यू टिल्घमन यांची. अमेरिकी यादवी युद्धात लढलेल्या या गृहस्थांनी १८७० मध्ये तिचे पेटंट घेतले. कणांना ढकलायला वाफ किंवा हवा, आणि कण म्हणून साधी वाळू. त्यांच्या झोताने कुरुंदालाही भोक पाडले. कुरुंद म्हणजे माणिक आणि नीलम ज्या खनिजाचे असतात ते. मोह्स यांच्या मोजपट्टीवर त्याचा कठीणपणा ९, आणि वाळूतल्या गारगोटीचा ७. मऊने कठीणाला भोसकले! कारण इथे घासणे नसते, आदळणे असते. कठीण आणि ठिसूळ पदार्थ तो धक्का पचवू शकत नाही. त्याला सूक्ष्म तडे जातात आणि कपचे उडतात. रबर मात्र कणाला थोडे आत घेते, दबते आणि परत फेकून देते. काचेवर रबराचा कापलेला नमुना चिकटवून झोत मारला, तर काच खरवडली जाते आणि रबर शाबूत राहते.

आपल्या पेटीची गुरुकिल्ली हीच. जो झोत पोलादी पत्रा हळूहळू खातो, त्याच्यापुढे ट्रकची जुनी ट्यूब बराच काळ टिकते. म्हणून पेटीची भिंत रबराची असायला काहीच हरकत नाही, आणि रबराची भिंत वाकते.

आता कापाकापी. पेटीच्या डाव्या आणि उजव्या कुशीत समोरासमोर एकेक मोठे भोक पाडायचे. काठाला अँगलची चौकट लावायची, म्हणजे पत्रा लुळा पडत नाही. चौकटीवर रबराचे दोन थर बसवायचे. एकावर उभ्या चिरा, दुसऱ्यावर आडव्या. लांब पाइप, अॅक्सल किंवा गेटची दांडी एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने सरकवत न्यायची. चासीसारखी वेडीवाकडी वस्तू असेल, तर चिरांऐवजी जाड कॅनव्हासची लांब बाही लावायची आणि ती जॉबभोवती नाडीने आवळायची. अभ्र्यातून लोड अर्धा बाहेर डोकावावा, तशी चासी पेटीतून डोकावते. एक टोक झाले की फिरवून दुसरे. काम नसेल तेव्हा भोकावर झाकण.

इथे हवेचा हिशोब सुरू होतो. गन पेटीत सतत हवा भरत असते. अष्टमांश इंचाच्या छिद्रातून ८० पीएसआय दाबाने मिनिटाला साधारण २० घनफूट हवा आत येते. (हे छिद्र दुप्पट रुंद केले की हवा चौपट लागते. एक अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर मिनिटाला जेमतेम चार घनफूट देतो, हे लक्षात घेतले की मोठ्या नोझलचा मोह आपोआप ओसरतो.) ही हवा ओढून घेतली नाही, तर पेटी फुगते आणि प्रत्येक फटीतून धूळ ओकते. म्हणून बाहेर ओढणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा नेहमी जास्त हवी. मग फटींतून हवा आतच शिरते आणि धूळ अडते. म्हणजे धूळ अडवणारी खरी भिंत हवेचीच. रबर फक्त तिला मदत करते.

किती ओढायचे? कारखान्यांतल्या पेट्यांसाठी संकेत असा, की फटींतून हवा मिनिटाला सुमारे ५०० फूट वेगाने, म्हणजे ताशी नऊ किलोमीटरने, आत यावी. फटी मिळून पाव चौरस फूट असतील, तर त्यासाठी मिनिटाला १२५ घनफूट हवा लागेल, आणि वर गनची २०. फटी आवळून सहा चौरस इंचांवर आणल्या, तर तेच काम सुमारे २१ अधिक २० मध्ये होते. दुसरा संकेत असा, की पेटीतली हवा मिनिटाला २० वेळा बदलावी, नाहीतर काचेतून काही दिसत नाही. तीन बाय दोन बाय दोन फुटांच्या पेटीला त्यासाठी २४० घनफूट हवा लागते. पेटी दुप्पट करा, ४८० लागेल. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरचे हे काम नव्हे, चांगला डस्ट कलेक्टरच हवा. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: पेटी वाढवू नका, तिला खिडक्या पाडा. तसेही हातमोज्यांची भोके जागच्या जागी असतात आणि माणसाचा हात दोन फुटांपलीकडे फारसा पोचत नाही. मोठ्या पेटीचे कोपरे नुसते दिसत राहतात.

रबर नीट बसले का, हे तपासायला उदबत्ती पुरते. कलेक्टर चालू करून ती प्रत्येक फटीजवळ धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे.

एखाद्याला बाजूला जोडपेटी लावावीच लागली, तर तिचा तळ सपाट ठेवू नये. कण तिथेच साचतात आणि गन उपाशी राहते. तळाला निदान ४५ अंशांचा उतार नरसाळ्याकडे द्यावा. कणांच्या घर्षणाने स्थिर वीज साठते. अर्धा जॉब बाहेर असल्यावर त्याला हात लावणाऱ्याला चटका बसतो, म्हणून पेटी आणि जॉब दोन्हींना अर्थिंग करावे. पातळ पत्र्याच्या टाकीवर किंवा मडगार्डवर एकाच बाजूने जोरात झोत मारू नये. कणांचे ठोके वरचा थर पसरवतात आणि पत्रा बाक घेतो. जनरल मोटर्सच्या जॉन आल्मेन यांनी हाच बाक मोजून ठोक्यांची तीव्रता ठरवायची पद्धत बसवली. ‘आल्मेन पट्टी’ आजही कारखान्यांत वापरतात. आणि पावडर कोटिंग असेल तर झोताने ते काढत बसू नका. ते चिवट असते, कण उसळून परत येतात. आधी रसायनाने काढा.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. नाव सँडब्लास्टिंग असले, तरी नदीची वाळू वापरायची नाही. फुटलेल्या गारगोटीची सूक्ष्म धूळ फुफ्फुसात रुतते, सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. ब्रिटनने ओतीव कामासाठी वाळूचा झोत १९४९ मध्येच बंद केला. गार्नेट, अॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा काचेचे मणी घ्या, पेटी बंद असली तरी चांगला रेस्पिरेटर लावा. जुन्या रंगात शिसे असू शकते, त्यामुळे पेटीतली धूळ झाडूने उडवू नका.

शेवटी, काम उरकले की त्याच दिवशी प्रायमर मारा. उघडे लोखंड दमट हवेत काही तासांत पुन्हा गंजते. पावसाळ्यात कोकणात असाल, तर आधी प्रायमर, मग जेवण.